मॅग्नेटचं बालंट

भीमराज रणपिसेला आमच्या वस्तीत लोक हातभर लांब ठेवायचे. कारण विचारलं की मॅग्नेटचं सांगायचे. दुसरं कारण कुणी तोंडावर सांगत नसे, आणि मीही ते कधी खोदून विचारलं नाही.

साकीनाक्याला लाऊडस्पीकर बनवणाऱ्या एका गाळ्यात तो चौदा वर्षं चार्जिंग मशीनवर होता. स्पीकरच्या पाठीला जी काळी जाड चकती असते, ती सुरुवातीला नुसती खापरी असते. टाचणीसुद्धा ओढत नाही. ती मशीनमध्ये ठेवायची, पायाखालची पट्टी दाबायची, धप्प असा आवाज व्हायचा, आणि त्या खापरीत जीव यायचा. दिवसाला शेकडो चकत्यांत तो असा जीव घालायचा. संध्याकाळी घरी निघाला की त्याच्या शर्टाच्या बाह्यांना, चपलेच्या खिळ्यांना लोखंडाचा कीस चिकटलेला असायचा. खिशात मॅग्नेटचा एखादा तुकडा कायमचा. जमिनीवर सांडलेले स्क्रू उचलायला बरा पडतो, म्हणायचा.

आता हेही खरंच की एकदा तो गाळ्यातल्या लवूच्या शेजारी बसला होता, तेव्हा लवूचं चावीचं घड्याळ बिघडलं. आणि आमच्या शेजारच्या जानकीकाकूंच्या भजनाच्या कॅसेटवर त्याने पिशवी ठेवली, त्यानंतर त्या कॅसेटमधले बुवा खरखरायला लागले. या दोन गोष्टी वस्तीने जपून ठेवल्या. तो आला की कुणीतरी ओरडायचं, "मॅग्नेट आला, घड्याळं सांभाळा रे!" तोही हसायचा. मनगट वर करून दाखवायचा. त्याने स्वतः कधी घड्याळ घातलंच नाही.

मी अनंत परब. राहणार असल्फ्याच्या टेकडीवर, घाटकोपर. संपानंतर मिल सुटली, तेव्हा मला त्या गाळ्यात चिकटवणाऱ्यांत काम मिळालं. कागदाचा भोंगा आणि रबराची कड नीट चिकटवायची, एवढंच काम, पण मला ते महिनाभर जमलं नाही. माझं डोकं लवकर तापतं आणि हात त्याहून लवकर. शेट माल तपासायला येण्याआधी भीमराज माझे वाकडे भोंगे गुपचूप काढून स्वतःच्या हाताने सरळ करून ठेवायचा. एकदाही त्याने ते बोलून दाखवलं नाही. माझ्यासारख्या माणसाला असला मित्र मिळू नये, मिळाला तर त्याची किंमत कळत नाही.

सत्त्याऐंशी साली माझा मेव्हणा बोटीवरून आला आणि टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घेऊन आला. सोबत अकरा कॅसेटी. काळ्या, साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या, एका बाजूला तोंड उघडं. एकात मोटारी, एकात विमानं, एकात नुसता एक गोल तोंडाचा प्राणी ठिपके खात फिरतो. मी गाळ्यातली नोकरी सोडली, घराच्या पुढच्या खोलीत टीव्ही मांडला आणि गेमचं दुकान काढलं. बायको मालन म्हणाली, "ह्यां खेळणार कोण?" पंधरा दिवसांत दाराबाहेर पोरांची रांग लागली. घर त्या दुकानावर चालायला लागलं, दुसरं काही उरलंच नव्हतं.

दसरा आला. मिलमध्ये आम्ही दर दसऱ्याला मागाची पूजा करायचो, ओलं कुंकू, हळद, फुलं, वर नारळाचं पाणी. लोखंडी माग तो, त्याला काय होतंय! तशीच मी मशीनची पूजा मांडली. दहा कॅसेटी पाटावर ओळीने उभ्या केल्या, तोंड वर करून, कारण तशा त्या पडत नव्हत्या. अकरावी, मोटारींची, मशीनमध्येच खोचलेली होती, पूजा झाली की पोरांना लगेच खेळायचं होतं म्हणून. प्रत्येक कॅसेटीला मी बोट भरून हळद-कुंकू लावलं, आंब्याच्या पानाने नारळाचं पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. मन भरून आलं होतं. देवा, मिल गेली तशी ही जाऊ नये, असं मी मोठ्याने म्हणालो.

तेवढ्यात भीमराज दारात आला. पांढरे कपडे, विहारातून सरळ आलेला, त्याच्याही लोकांचा तो मोठा दिवस. हातात लाकडी खोक्यात बसवलेला आठ इंची स्पीकर. "दसऱ्याची भेट," म्हणाला. "आवाज रस्त्यापर्यंत गेला पायजे तुझ्या दुकानाचा." कड तुटलेलं मॅग्नेट, डाग पडलेला भोंगा, असा बाद माल जोडून त्याने तो बनवला होता. गाळ्यात बाद माल कामगार न्यायचेच, मीही नेलेला होता. मालन कुंकवाची वाटी घेऊन त्याच्या कपाळाकडे आली. तो हसून एक पाऊल मागे सरकला आणि हात जोडले. खोबरं मात्र त्याने मागून घेतलं. लवू तिथेच उभा होता. लवू त्या गाळ्याचा मुकादम, आमच्या गावाकडचा, शेटच्या मर्जीतला. त्याने ते मागे सरकणं पाहिलं.

स्पीकर आम्ही टीव्हीच्या बाजूला फळीवर ठेवला, त्याच्या शेजारी कॅसेटींचा ट्रे. लावल्या लावल्या टीव्हीचं चित्र एका कोपऱ्यात ओढल्यासारखं वाकडं झालं. भीमराजनेच तो वीतभर लांब सरकवला. "टीव्हीला मॅग्नेट चालत न्हाई," म्हणाला. चित्र सरळ झालं. पण ते वाकडं झालेलं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पंधरा दिवसांनी विमानांची कॅसेट बंद पडली. लावली की पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. मग ठिपकेवाली. दिवाळीपर्यंत दहाच्या दहा गेल्या. मी पुसून पाहिल्या, उन्हात ठेवल्या, फुंकून पाहिल्या, तोंड दुखेपर्यंत फुंकल्या. चालत होती फक्त मोटारींची. एकच गेम किती दिवस खेळणार, पोरं दुसरीकडे जायला लागली. मालन रोज रात्री गल्ल्यातली चिल्लर माझ्यासमोर मोजायची. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, दुकान बंद आणि मी पुन्हा गाळ्याच्या दारात हात पसरून.

"अरे, डोळ्यासमोर आहे ना," लवू म्हणाला. "मॅग्नेट ठेवलायस उशाशी. भजनाची कॅसेट कशी मेली? तशीच ही." मला पटलं. कॅसेटीच्या आत काय असतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. आम्हांला वाटायचं गाण्याच्या कॅसेटीसारखी आत फीत असणार. मी स्पीकर उचलून माळ्यावर फेकला.

संध्याकाळी भीमराज आला, तेव्हा मी त्याला दारातच अडवलं. काय काय बोललो ते लिहायची लाज वाटते. तो म्हणाला, "आनंता, मला एक बंद कॅसेट दे. दोन दिवसांत सांगतो." मी त्याच्या अंगावर एक फेकली. त्याने ती हातरुमालात गुंडाळून नेली.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो परत आला. दुकानात लवू होता, जानकीकाकू होत्या, आणखी पाचसहा माणसं. भीमराजने नेलेली बंद कॅसेट परत ट्रेमध्ये ठेवली आणि पिशवीतून गाळ्यातलं सगळ्यांत मोठं मॅग्नेट काढलं, भाकरीएवढं. म्हणाला, "तुझी चालती कॅसेट दे." मी देत नव्हतो. ती एकच उरली होती. तो म्हणाला, "दे, मी सांगतोय. बिघडली तर माझ्या पोरीची शपथ, मी तुझ्या दारात जन्मभर राबेन." त्याची मुलगी शकु तेव्हा दहावीला होती. तिच्याशिवाय त्याला दुसरं काही दिसत नसे.

त्याने टीव्हीपासून लांब बसून ती कॅसेट त्या मॅग्नेटवर घासली. पुढून, मागून, कडेने. मॅग्नेटवर ठेवून तो आमच्याकडे बघत बसला, चांगली पाच मिनिटं. त्याच्या कपाळाला घाम आला होता. मग त्याने ती मशीनमध्ये लावली. मोटारी धावायला लागल्या. पहिल्यासारख्याच.

 त्याचा चेहरा उजळला. "बघा," तो म्हणाला. "आणि ही पण बाकीच्यांबरोबर त्याच ट्रेमध्ये होती, स्पीकरच्या शेजारी. मॅग्नेटनं मेल्या असत्या तर ही पण मेली असती."

"मग दहा कशानं मेल्या?" लवूने विचारलं.

भीमराजने तोंड उघडलं. त्याची नजर कोपऱ्यातल्या पूजेच्या पाटाकडे गेली, मग मालनच्या कपाळाकडे, मग लवूकडे. त्या हिवाळ्यात देवांच्या नावावरून, एका पुस्तकावरून, शहरात मोर्चे निघायला लागले होते. इकडून निघाला की तिकडून. वस्तीत विहाराच्या बाजूची माणसं आणि देवळाच्या बाजूची माणसं नळावरसुद्धा वेगळी उभी राहायला लागली होती.

"मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला.

"ठाऊक नाही?" मी ओरडलो. "मग दोन दिवस कॅसेट नेऊन काय केलंस?"

"न्हाई ठाऊक," तो खाली बघून म्हणाला. खोटं बोलता त्याला येत नसे, ते दिसत होतं. ते मलाही दिसलं आणि मी त्याचा उलटा अर्थ घेतला.

"दसऱ्याला कुंकू नाकारलं तेव्हाच मला कळलं होतं," लवू म्हणाला. "ह्याच्या पोटात काय असा ते." मी त्याला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यात गेलो आणि रतनशेटना सांगितलं, की तुमच्याकडचं मॅग्नेट माझ्या माळ्यावर आहे, भीमराज माल बाहेर काढतो. चौदा वर्षं ज्याने चोरून एक टाचणी घरी नेली नाही, त्याच्यावर मी चोरीचा आळ घेतला, आणि तोही मलाच दिलेल्या भेटीवरून. शेटनी लवूला विचारलं. खरं आहे, म्हणून लवूने मान डोलावली. दुपारी भीमराजला काढलं. तो गाळ्यामागच्या शेटच्याच खोलीत राहत होता, ती खोलीही गेली. चंपावहिनी, शकु आणि चार भांडी घेऊन तो कांजूरमार्गला, मिठागरांच्या बाजूला, भाऊ दादूच्या झोपडीत गेला. दहावीची परीक्षा तीन महिन्यांवर होती.

मला बरं वाटलं असं सांगितलं तर तुम्ही मला नावं ठेवाल. पण वाटलं. आठ दिवस मला फार बरं वाटलं.

कॅसेटी मात्र बंदच होत्या. शेवटी मी त्या पिशवीत भरून स्टेशनजवळच्या दशरथकडे नेल्या. दशरथ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याने एक उघडली. आत फीत नव्हतीच. एक हिरवी पट्टी, तिच्यावर काळा किडा बसावा तशी एक चिप, आणि तोंडाशी तांब्याचे बारीक दाते. त्या दात्यांवर लाल थर होता, मध्ये मध्ये हिरवा गंज, आणि एका कोपऱ्यात चिकटलेला तांदळाचा दाणा.

"मॅग्नेटनं मेल्या," मी म्हणालो.

"मॅग्नेट काय करणार ह्याला? हे काय गाण्याची कॅसेट आहे का?" दशरथ म्हणाला. त्याने स्पिरिटचा बोळा फिरवला, पोरांच्या खोडरबराने दाते घासले, कॅसेट त्याच्याकडच्या मशीनला लावली. विमानं उडाली. "कुंकू आहे हे. आणि नारळाचं पाणी. गंज चढलाय. पूजा केलीस का ह्याची तोंडात पाणी घालून?" तो हसत होता. मग थांबून म्हणाला, "अरे, तुझा तो मित्र आलेला की अशीच एक घेऊन. दिवाळीनंतर. त्याला मी सगळं दाखवलं होतं. साफ करू नको म्हणाला, आधी तुला दाखवायची होती. तुला बोलला नाही?"

मी त्याच्या स्टुलावर बसलो.  तो सगळं जाणून माझ्या दारात उभा राहिला होता, आणि मला ठाऊक नाही म्हणाला होता.

दहाही कॅसेटी चालू झाल्या. मी त्या घरी न नेता तसाच कांजूरमार्गला गेलो. दादूच्या झोपडीत शकु भिंतीला टेकून भूमिती करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक घेऊन बाहेर गेली. मी भीमराजसमोर हात जोडले. "का नाही बोललास? एक शब्द बोलायचास!"

"कुणाच्या तोंडून बोलायचा?" तो म्हणाला. "मी तुझ्या दारात उभं राहून, तुझ्या बायकोसमोर, लवूसमोर म्हणू, तुझ्या कुंकवानं वाट लागली? माझ्या तोंडून ते कसं निघालं असतं, सांग की. तू म्हणालास तर ती चूक. मी म्हणालो असतो तर ती शिवी झाली असती."

चंपावहिनी चुलीपाशी होत्या. त्या वळल्याही नाहीत. "नोकरी गेली ते सोसलं," म्हणाल्या. "चोर म्हणालात ते न्हाई सोसवत. पोरीच्या शाळेत गेलंय ते."

भीमराजने फक्त एक मागितलं. शेटला सांग, आणि ज्यांच्यापुढे मी उभा होतो त्यांना सांग. मी म्हणालो, उद्याच. शपथेवर म्हणालो.

शेटकडे गेलो खरा. स्पीकर बाद मालाचा होता, चोरी नव्हती, चूक माझी, असं सांगितलं. कुंकवाचं नाव मात्र तिथेही माझ्या जिभेवर आलं नाही. रतनशेट म्हणाले, "माणूस कामाचा आहे, मला हवाच आहे. नवा चार्जिंगवाला निम्मा माल नासवतो. पण मुकादमाचं मन मोडून मी कुणाला घेत नाही. तू लवूला पटव. तो हो म्हणाला तर सोमवारी पाठव, खोली पण रिकामीच आहे." मी भीमराजला निरोप धाडला, रविवारी दुकानावर ये. तुझ्यासमोर सांगतो.

रविवारी दुकान भरलं होतं. अकराही गेम चालू म्हटल्यावर पोरांनी दार सोडलं नव्हतं. लवू दहा जणांना घेऊन आला होता, कुठल्याशा सभेवरून, कपाळाला लांब टिळा, घसा बसलेला. "काय रे, चालू झालो की गेम तुझो!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्याच वेळी भीमराज चढ चढून आला. तोच पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. झोपडीत इस्त्री कुठून आणली असेल, देव जाणे. तो दाराच्या बाहेर थांबला.

लवूने त्याला पाहिलं आणि पहिलं काय केलं, तर कॅसेटींचा ट्रे उचलून आतल्या खोलीत मालनच्या हातात दिला. "मॅग्नेट आला," तो म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

भीमराजने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले. रुमाल, ट्रेनचा पास. शर्टाचा खिसा उलटा केला. शकुच्या वह्यांची यादी. हात रिकामे करून तो तसाच उभा राहिला, खिसे बाहेर लोंबताहेत, आणि बघत होता माझ्याकडे. मला बोलायचं होतं. काय बोलायचं ते पाठ होतं, कुंकू, नारळाचं पाणी, माझा हात. समोर लवूचा टिळा होता, दहा माणसांचे टिळे होते, आतून मालन बघत होती. उद्या वस्तीत म्हणतील, परबाने ह्यांचं ऐकून देवाला दोष दिला. दुकानावर दगड येईल. असलं सगळं एका क्षणात डोक्यात आलं. खरं सांगायचं तर दगडाचं नंतर आलं. आधी लाज आली, की माझीच पूजा, माझाच हात, आणि सगळे हसतील.

"काय केलंस रे?" लवूने विचारलं. "स्पीकर काढलास म्हणून बऱ्या झाल्या ना?"

मी म्हणालो, "हो."

भीमराजने खिसे आत घातले. एक एक, सावकाश, कुठे फाटू नयेत अशा बेताने. मग तो चढ उतरून गेला. मी हाक मारली नाही. मागे धावलो नाही. सोमवारी गाळ्यात नवाच माणूस मशीनवर राहिला, आणि मार्चात शकु परीक्षेला बसली नाही. धुणीभांडी करायला ती चंपावहिनींबरोबर पवईच्या बिल्डिंगींत जायला लागली, असं दशरथकडून कळलं.

दुकान माझं पुढे तीन वर्षं चाललं. असल्फ्यात आजही मोठी माणसं पोरांना बजावतात, गेमच्या कॅसेटीजवळ मॅग्नेट नेऊ नका, भीमराज नावाच्या एकाने परबाच्या दहा कॅसेटी मारल्या होत्या. माझ्यासमोर सांगतात. मी एकालाही अजून अडवलेलं नाही.